शेवटच्या पाहुणीचं दार

१

आमच्याकडे चहाला आलेले पाहुणे आत येताना यजमानीण बघत नाही, ती नुसतं ऐकते. मी मागच्या खोलीत कागदी दाराआड बसलेली असते. पाहुणे बागेतून पायदगडांवरून येतात, चपला काढतात आणि चहाच्या खोलीच्या बुटक्या दारातून गुडघ्यांवर सरकत एकेक करून आत शिरतात. जो सगळ्यांच्या मागून येतो तो दार ओढून घेतो आणि अगदी शेवटी जरा जोरात लावतो. टक्. हा आवाज मुद्दामच करायचा असतो. तो झाला की मला कळतं, सगळे आले, आता आपण आत जायचं.

कानाझावाला येणारे पाहुणे बहुतेक बाहेरगावचे. सकाळी सोन्याचा वर्ख कुटताना बघायचा, दुपारी मोठ्या बागेत दोरांनी बांधलेल्या पाइनच्या झाडांसमोर फोटो काढायचे आणि परतीच्या गाडीआधी कुठेतरी चहा प्यायचा, असा त्यांचा बेत असतो. त्यांना या टक्-बिकचा पत्ता नसतो. म्हणून शेवटच्या जागेवर घरचं माणूस बसवायचं, अशी आमची पद्धत. आमच्या घरचं ते माणूस म्हणजे चिसे, माझी धाकटी नणंद.

चिसे शेजारच्या कोमात्सुहून रेल्वेने यायची. तिचं दार लावणं मी कुठेही ओळखलं असतं. अंगठ्याएवढी फट उरेपर्यंत ती दार हळू ओढायची, एक श्वास थांबायची आणि मग टक्. तिला त्याचा भारी तोरा होता. "वहिनी, तुझा चहा कसाही होऊ दे, लोक माझ्या टक्-साठी येतात," असं ती पाहुण्यांच्या देखत म्हणायची. मी नुसते डोळे वटारायचे. तिच्याशिवाय मला त्या खोलीत पाऊल टाकावंसं वाटलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

थंडी नुकती सुरू झाली होती. आमच्या बागेतल्या एकुलत्या एका पाइनलाही बर्फाच्या धास्तीने दोर बांधून झाले होते. त्या दुपारी पाहुणे आले, फट, श्वास, टक्. मी मिठाईची थाळी उचलली.

आणि मग पुन्हा टक्. जरा हळू, नवशिक्या हाताने लावल्यासारखं.

मला काही विचित्र वाटलं नाही. कुणीतरी मागे राहिलं असेल, असं वाटलं. माझ्या हाताने आपसूक आणखी एक मिठाई थाळीत ठेवली आणि मी आत गेले. आत ओसाकाचं एक जोडपं, त्यांचा मुलगा आणि चिसे, एवढेच होते. थाळी मात्र रिकामी परत आली.

२

पाहुणे गेल्यावर मी चिसेला म्हटलं, दोन खाल्ल्यास ना? ती म्हणाली, मी कशाला खाऊ, वजन कमी करतेय, त्या मुलाने हाणली असेल. दुसऱ्या आवाजाचं विचारलं तर तिने खांदे उडवले. तिनेही ऐकला होता. तिला वाटलं दार उसळून परत बसलं.

माझा नवरा तात्सुरो सुतारकाम करतो. खोकी, फडताळं, कागदी दारांच्या चौकटी. अंगणापलीकडे त्याची कामाची खोली आहे आणि दिवसभर रंध्याचा आवाज चालू असतो. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. थंडीत लाकूड आकसतं, म्हणाला, त्याला तुझ्यासारखंच मधूनमधून कुरकुरायला लागतं. मला हे पटलं. मला ते पटायलाच हवं होतं.

पण पुढच्या वेळीही टक्-नंतर टक् झालं. त्यानंतरच्याही वेळी. माझा हात दर वेळी एक मिठाई जास्त ठेवायचा. मी ठरवून आत जायची की आज ठेवायची नाही, आणि आवाज झाला की ठेवून मोकळी व्हायची. आत आलेल्या माणसाला मोजायचं नाही, हे मला जमतच नव्हतं. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे ते. दारातून आला तो पाहुणा.

एक गोष्ट मात्र मी तात्सुरोला सांगितली नाही. येताना दोन आवाज व्हायचे, जाताना एकच. पाहुणे निघाले की शेवटचा माणूस बाहेरून दार लावतो, तेव्हाही टक् करतो. तो आवाज फक्त चिसेचा असायचा. जे तिच्या मागून आत यायचं ते बाहेर गेल्याचं मी कधीच ऐकलं नाही.

३

मग लोक दाटीने बसायला लागले.

खोली साडेचार चटयांची, म्हणजे जेमतेम नऊ फूट लांब-रुंद. चार-पाच माणसं मोकळी बसतात. एक दिवस मी दार सरकवलं तर पहिला पाहुणा जमिनीतल्या शेगडीला जवळजवळ चिकटून बसला होता. मला किटलीपाशी जायला जागा नव्हती. त्याच्या शेजारी त्याची बायको, खांद्याला खांदा लावून. मग चिसे, कोपरं अंगाशी घेऊन. तिच्या पलीकडे भिंतीपर्यंत चटई रिकामी.

मी हसून म्हटलं, सरकून बसा की, जागा आहे. बायकोने मागे वळून त्या रिकाम्या चटईकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, "नको, त्यांना कशाला त्रास?" मग तिचं तिलाच काही कळेना. ती कुणाबद्दल बोलली ते तिला सांगता येईना. नवरा हसला. मीही हसले, पण रवीने कितीही घुसळलं तरी त्या दिवशी चहाला फेस आलाच नाही.

दर खेपेला रांग शेगडीकडे सरकत गेली. भिंतीकडची रिकामी जागा वाढत गेली. निघताना पाहुणे म्हणायचे, खोली किती छोटीशी आहे, किती गरम आहे. बाहेर गारा पडत असायच्या आणि ते कपाळ पुसायचे.

तात्सुरोने खोली मापली. मी सांगितलं म्हणून नव्हे, चिसेने सांगितलं म्हणून. तो आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा चेष्टा करण्याच्या मनःस्थितीत नव्हता. माप बरोबर आहे, एवढंच म्हणाला. मग फीत गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मला भिंतीपर्यंत हात पोचवायला कसरत करावी लागली. मध्ये काही नव्हतं, तरी."

४

तात्सुरोने त्याच्या परीने इलाज केला. दाराच्या कडेला आणि चौकटीच्या खाचेत त्याने लोकरीची जाड पट्टी चिकटवली. मग दार आपटून दाखवलं. नुसतं मऊ धप्प झालं, तेही कान लावला तर. आता कुणाच्याही बापाला आवाज करता येणार नाही, म्हणाला. चिसेचं तोंड एवढंसं झालं. माझी नोकरी गेली, म्हणाली.

त्या दिवशी आम्ही वेगळी खूण ठरवली. दार लावून झालं की चिसेने हलकेच खोकायचं. मी मागच्या खोलीत बसले. चपला काढल्याचं ऐकू आलं. गुडघे चटईवर घासल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही, मग चिसेचा खोकला. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. एक साधी लोकरीची पट्टी, आणि आपण काय काय मनात आणत होतो.

टक्.

लाकडावर लाकूड. स्वच्छ, ठाम. पहिल्या दिवसासारखं नवशिकं राहिलं नव्हतं. आधी एक श्वास थांबून, चिसेसारखं.

माझ्या हातातून थाळी निसटली. कागदी दारापलीकडून चिसेने पुन्हा एकदा खोकल्यासारखं केलं, पण तो खोकला नव्हता, हुंदका होता.

५

मी म्हटलं, बंद करू या. खोलीला कुलूप घालू, पाहुण्यांना नाही म्हणून सांगू. तात्सुरोही हो म्हणाला. ऐकली नाही ती चिसे. स्वयंपाकघरात बसून ती मुळा खिसत होती आणि खिसता खिसता बोलत होती.

"कुलूप घालून काय होणार? ते आत आहेत. बोलावलेला माणूस कुलूप घातलं म्हणून जातो का? त्याला निरोप द्यावा लागतो."

"मी बोलावलं नाही कुणाला."

"मिठाई ठेवलीस ना?" ती म्हणाली. रागाने नाही, नेहमीच्या थट्टेच्या सुरात. "हे बघ वहिनी, चुकतंय कुठे सांगू? मी शेवटची असायला हवी. आता मी शेवटची नाहीच. ते माझ्यामागून येऊन बसतात आणि त्यांना उठवून बाहेर नेणारं मागे कुणी नाही. या वेळी मी त्यांच्या मागून येते. त्यांना आत जाऊ देते, मग मी शिरते, मग मी दार लावते. निघताना मी शेवटची, म्हणजे माझ्याआधी सगळ्यांना निघावंच लागेल. रीतच आहे."

तात्सुरो तिला म्हणाला, शहाणपणा पुरे. ती म्हणाली, दादा, तू तुझा रंधा सांभाळ, हे बायकांचं काम आहे. तिच्या बोलण्यात कुठे खोट काढता येईना. मला भीती वाटत होती आणि तिचं म्हणणं पटतही होतं, आणि पटलं म्हणूनच मी गप्प बसले.

पुढच्या वेळी ती बागेत पायदगडावर थांबून राहिली. पाहुणे आत गेले. थोड्या वेळाने टक् झालं. मग बराच वेळ शांतता. मग चिसेचा खोकला.

मी आत गेले. पाहुणे शेगडीजवळ कोंबून बसलेले. मग नुसती चटई, खोलीभर चटई. आणि पार पलीकडे कोपऱ्यात, भिंतीला खांदा लावून चिसे. ती समोर बघत होती. ओठ पांढरे पडले होते.

दाट चहाचा वाडगा एकच असतो, तो हातोहात फिरतो. शेगडीजवळच्या रांगेतल्या शेवटच्या पाहुण्याने एक घोट घेतला, कड पुसली आणि वाडगा शेजारच्या रिकाम्या चटईवर ठेवला. कुणी पीत असताना यजमानिणीने मान खाली घालायची असते. मी घातली. मान वर केली तेव्हा वाडगा चिसेच्या हातात होता.

पाहुणे निघाले. मी कागदी दाराआड बसून ऐकत होते. गुडघे चटईवरून सरकत होते, सरकतच होते. पाहुणे बागेत पोचून बोलायला लागले तरी सरकणं चालूच होतं. मग थांबलं. मग तो मऊ धप्प आवाज, लोकरीचा. माझी चिसे बाहेर होती. मी अनवाणीच बागेत धावले.

"झालं," चिसे म्हणाली. "गेले सगळे." ती हसली. मी विचारलं, काय दिसलं? काही नाही, म्हणाली, शेजारी ऊब लागत होती, बस. मी तिला मिठीच मारली. तिला ते अवघड झालं.

मी फाटकातून तिला बसच्या थांब्यापर्यंत जाताना बघत राहिले. बस आली, दार उघडलं. थांब्यावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. चिसे एक पाऊल मागे सरली आणि हात पुढे करून थांबली, आधी दुसऱ्यांना चढू द्यावं तशी. चालक तिच्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने ती चढली.

मी हाक मारायला हवी होती, पण मी फाटक लावून घेतलं.

६

पुढच्या बैठकीच्या सकाळी चिसेचा फोन आला. गुडघे धरलेत, येत नाही. मी म्हटलं, आराम कर. माझं मन निश्चिंत होतं, कारण दोन दिवस मी त्या खोलीत झाडलोट करत होते आणि खोली मोठी वाटत होती.

नागोयाहून तिघी आल्या. हाशिझुमेबाई, निवृत्त शिक्षिका, आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. दार कसं लावायचं ते मी त्यांना आधीच समजावलं होतं. मागच्या खोलीत येऊन बसले. चपला, गुडघे, धप्प. मी वाट बघत राहिले. शांतता. मी थाळी उचलली.

टक्. आधी अंगठ्याएवढी फट, आधी एक श्वास. ओळखीचा हात.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. आली वाटतं, राहवलं नाही तिला. मग लक्षात आलं की ती आधी मागच्या दाराने येते, माझ्या चहात एखादी खोट काढते आणि मगच बागेत जाते. मी तिला फोन लावला. तिनेच घेतला.

"कुठे आहेस?"

"घरी. तांदूळ धुतेय."

मी भिंतीला टेकले. आता कळलं, म्हटलं, माझेच कान वाजतात. तेवढ्यात ती म्हणाली, "वहिनी, तू आत ये ना. किती वेळ बसवून ठेवणार? माझे गुडघे गेले."

'माझे गुडघे गेले' हे मी दोनदा ऐकलं. एकदा कागदी दारापलीकडून, मग फोनमध्ये. दारापलीकडून आधी.

मी दार उघडलं. का उघडलं, ते सांगू शकत नाही. पाहुणे आत असले की उघडायचं असतं. उघडलं की यजमानीण वाकते, पाहुणेही वाकतात, आणि वाकलेल्या माणसाला फक्त चटई दिसते, चटईवर टेकलेले हात दिसतात. हाशिझुमेबाईंचे हात, बोटात हिरवी अंगठी. मैत्रिणींचे हात. त्यापुढेही हात होते. बोटं जुळवून, अंगठे आत घेऊन, आता कुणी टेकत नाही इतके नीट टेकलेले. भिंतीपर्यंत. सगळ्यांत शेवटचे दोन ओले होते. मनगटावरून पाणी निथळत होतं आणि करंगळीला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते.

मी डोकं वर केलं. तिघी बायका शेगडीला चिकटून बसल्या होत्या. पलीकडे मोकळी चटई. कोपऱ्यात ओल्या तळव्यांचे दोन ठसे.

"जरा सरकू का आम्ही?" हाशिझुमेबाईंनी विचारलं. "मागे गर्दी होतेय."

७

तिघींना मी कसंबसं वाटेला लावलं. निरोपाचं वाकणं मात्र केलं नाही. यजमानीण शेवटचं वाकून आपलं दार लावून घेते तेव्हा बैठक संपते. मी दार लावलेलं नाही.

कोमात्सुहून ओकुमुरांचा, चिसेच्या नवऱ्याचा, फोन आला. चिसे स्वयंपाकघरात मोरीसमोर गुडघ्यांवर बसली आहे आणि उठत नाही. डॉक्टर येऊन गेले, नाडी ठीक आहे म्हणाले. उचलायला गेलं तर उचलली जात नाही. विचारलं तर म्हणते, अजून झालं नाही.

एकदा मी थकून बसल्या जागी डुलकी घेतली आणि शेगडी विझत आली. फोनने जाग आली. ओकुमुरा म्हणाले, वहिनी, हिचे हात गार पडलेत, ओठ निळे झालेत, मी काय करू? मी कोळसे घातले, फुंकून फुंकून किटलीला आवाज आणला. पलीकडून चिसे म्हणाली, आता बरं वाटतंय. तेव्हापासून मी शेगडी विझू दिलेली नाही. जोवर चहा चालू आहे तोवर ती पाहुणी आहे, आणि पाहुणीला कुणी काही करत नाही, असं मी स्वतःला सांगते.

तात्सुरो म्हणाला, तू वाकून टाक, बैठक संपव, सगळे उठतील, तीही उठेल. मी विचारलं, उठून कुठे जाईल? त्यांच्या मागून ती कुठे जाईल ते तुला माहीत आहे का? नंतर जेवताना त्याने विचारलं, "म्हणजे जो शेवटी बसतो तो त्यांना बांधला जातो. तिच्यामागून कुणी बसलं तर ती सुटेल?" मी त्याला म्हटलं, हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. माझा आवाज इतका चढला की तो दचकला. बरं, म्हणाला, आणि कामाच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने रंध्याचा आवाज सुरू झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी कोळसेवाला आला म्हणून मी फाटकापर्यंत गेले. पोतं आत ओढत आणलं, कोपऱ्याकडे न बघता शेगडीत कोळसे रचले, किटलीत पाणी घातलं. तेवढ्यात फोन वाजला. ओकुमुरांचा आवाज रडवेला होता, पण आनंदाने. "वहिनी, ही उठली. आपणहून उठली. चालतेय. तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. चिसेचा श्वास ऐकू येत होता. मी तिचं नाव घेत राहिले, रडत राहिले.

"वहिनी," ती म्हणाली, "तू दादाला का येऊ दिलंस आत?"

मी कान देऊन ऐकलं. किटली उकळत होती. अंगणापलीकडे रंधा चालत नव्हता.